आधी नक्कल मागा, मग वकील शोधा

माई,
डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर माझं माहेरचं घर आहे. आई ७४ वर्षांची, एकटीच राहते. भाऊ बोटीवर असतो. रस्त्यावरून घराकडे येणारी वाट शेजाऱ्याच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, जाते. त्यानं दगडी गडगा घालून ती बंद करायला घेतली, तेव्हा आईनं डिचोलीच्या कनिष्ठ स्तर दिवाणी कोर्टात दावा घातला. दावा ९ वर्षं चालला. मनाई हुकूम होता म्हणून तोवर वाट उघडी राहिली. या महिन्याच्या ३ तारखेला दावा फेटाळला, त्याला आज १८ दिवस झाले. आमचे वकीलबाब वडिलांचे मित्र, पैशांसाठी त्यांनी कधी अडवलं नाही. पण आता विचारलं की म्हणतात, ‘बघूया, घाई नाही.’ घरचे म्हणतात मुंबईहून मोठा वकील आणा. एक गृहस्थ तर घरी येऊन सांगून गेले, आपली वर ओळख आहे, काम होईल. आईला वाटतं सगळं संपलं. अपिलासाठी वकील शोधायचा कसा? वकीलबाबांना न दुखवता दुसऱ्याकडे जायचं कसं? आणि खर्च? निकाल इंग्रजीत आहे, आमच्यापैकी कुणालाच तो नीट कळत नाही.
एक वाचक, साखळी

ताई,

तुमच्या मेलखाली फोन नंबर होता, म्हणून पहिली गोष्ट मी त्याच संध्याकाळी फोनवर सांगून टाकली. ती छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी २२ तारखेला तुम्ही कोर्टात जाऊन निकालाच्या आणि डिक्रीच्या (निकालावरून काढलेल्या औपचारिक हुकुमाच्या) प्रमाणित नकलेसाठी अर्ज केलात, हे वाचून मला फार बरं वाटलं. इतर वाचकांसाठी ती गोष्ट इथं पुन्हा लिहिते, कारण अपिलाची वाट सगळ्यात जास्त वेळा इथंच बंद होते.

दिवाणी दाव्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात करायचं असेल तर ९० दिवस. कनिष्ठ स्तर कोर्टाचा निकाल असल्यानं तुमचं अपील जिल्हा न्यायालयात जाईल, म्हणजे तुमच्या हातात ३० दिवस. निकालाचा दिवस धरत नाहीत. नक्कल मिळवायला जेवढे दिवस लागतात तेही वजा होतात, पण ते अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच. अर्ज करायच्या आधी घरात बसून काढलेला एकही दिवस परत मिळत नाही. नक्कल तयार होऊन कोर्टात पडून राहिली, तर तेही दिवस तुमच्याच खात्यावर.

मी २८ वर्षं कोर्टाच्या कार्यालयात नोकरी केली, त्यातली ६ वर्षं नक्कल विभागाच्या खिडकीमागे. प्रमाणित नक्कल हातात आली की लोक पहिलं पान उघडतात. मी सांगते, आधी शेवटचं पान उलटा. तिथं शिक्का असतो आणि त्यात शाईनं भरलेल्या तारखा: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. तुमच्या अपिलाचं आयुष्य त्या दोन-तीन ओळींत आहे. तुमचंच उदाहरण घ्या. निकाल ३ तारखेचा, महिना ३० दिवसांचा, म्हणजे मुदत पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला संपते. अर्ज २२ ला केला आणि समजा नक्कल २९ ला तयार झाली, तर ८ दिवस वाढून मुदत ११ तारखेपर्यंत जाते. पण तयार नक्कल तुम्ही पुढच्या महिन्याच्या १० तारखेला जाऊन आणलीत, तरी मुदत ११ च राहणार. नेमका हिशेब नव्या वकिलाला करू द्या, पण त्या शेवटच्या दिवसाच्या भरवशावर राहू नका.

हे मी एवढं पोटतिडकीनं सांगते त्याला कारण आहे. माझ्या थोरल्या भावाचा विहिरीच्या पाण्यावरून दावा होता. हरला. मी तेव्हा नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, दुसऱ्या विभागात होते, नियम धड ठाऊक नव्हते. त्याच्या वकिलांनी सांगितलं, ‘मी बघतो.’ भाऊ निर्धास्त. नक्कल तयार होऊन १९ दिवस पडून होती, कुणी आणायलाच गेलं नाही. अपील ११ दिवस उशिरा दाखल झालं. मग विलंब माफीचा अर्ज, उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र, समोरच्यांची हरकत, तारखा. अपिलाचा मुख्य विषय कुणी उघडायच्या आधी ७ महिने गेले. शेवटी विलंब माफ झाला, पण समोरच्याला खर्चाची रक्कम मोजून. त्या ७ महिन्यांत भावाच्या डोक्याचे अर्धे केस पिकले. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो तुमचा हक्क नव्हे. कारण पटलं तर माफ, नाही तर अपील दारातच संपतं.

‘घाई नाही’ म्हणणारे वकीलबाब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ९ वर्षं चालवलेला दावा हरल्यावर वकिलाचंही मन उतरतं आणि तो विषय टाळतो. पण त्यांच्या मनाची काळजी घेताना तुमचे दिवस जाऊ देऊ नका.

आता दुसरी घाई, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. मनाई हुकूम दावा चालू असेपर्यंतचा होता. दावा फेटाळला, त्याबरोबर तो हुकूमही गेला. म्हणजे आज शेजाऱ्यानं चिरे आणून गडगा उभा केला, तर त्याला अडवणारा कागद तुमच्याकडे नाही. नुसतं अपील दाखल केल्यानं काहीही थांबत नाही. शिवाय लोक ज्याला ‘स्टे’ म्हणतात तो तुमच्या कामाचा नाही. फेटाळलेल्या दाव्यात स्थगित करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तुम्हाला अपिलासोबत नवा मनाई अर्ज लागेल, अपिलाचा निकाल लागेपर्यंत वाट आहे तशी उघडी ठेवावी म्हणून. कुठलाही वकील ‘आधी अपील टाकू, स्टेचं मग बघू’ असं म्हणाला, तर समजा की त्यानं तुमचा निकाल वाचलेला नाही. शेजाऱ्यानं कॅव्हिएट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, घातलं असण्याचीही शक्यता आहे. तसं असेल तर त्याला कळवल्याशिवाय, त्याचं ऐकल्याशिवाय कोर्ट हुकूम देणार नाही. कॅव्हिएट ९० दिवस टिकतं. नव्या वकिलानं हे पहिल्याच दिवशी तपासायला हवं. तोवर वाटेचे फोटो काढून ठेवा, दोन्ही टोकांचे, आजूबाजूची झाडं-घरं दिसतील असे.

आता मुख्य प्रश्न, कसला वकील? इथं माझं मत पक्कं आहे. अपील निकालाच्या कागदावर आणि खालच्या कोर्टातल्या रेकॉर्डवर लढलं जातं. पुन्हा साक्षीदार उभे राहत नाहीत, उलटतपासणी होत नाही. जे रेकॉर्डवर आहे तेच वाचून, खालच्या न्यायाधीशांनी पुरावा कसा जोखला आणि कुठं चुकले, हे दाखवायचं असतं. म्हणून तुम्हाला वाचणारा वकील हवा. आवाज मोठा नसला, ऑफिस मोठं नसलं तरी चालेल.

वाचणारा वकील कसा दिसतो ते सांगते. भावाच्या प्रकरणात आम्ही शेवटी ज्यांच्याकडे गेलो ते मध्यमवयीन गृहस्थ, ऑफिस एका जुन्या इमारतीच्या माडीवर, जिन्याला लाकडी कठडा. आम्ही बसलो, भावानं शेजाऱ्याची कर्मकहाणी सुरू केली. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि निकाल मागितला. शिसपेन्सील घेतली आणि सरळ ‘मुद्दे’ लिहिलेल्या पानावर गेले. दाव्यात कुठले प्रश्न ठरवायचे होते आणि प्रत्येकाचं उत्तर काय दिलं, एवढं आधी पाहिलं. मग तिसऱ्या मुद्द्याची कारणं वाचत बसले. २० मिनिटं खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. भाऊ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘हा विहिरीचा जुना नकाशा कोर्टात दाखल झालेला आहे, की फक्त तुमच्या फायलीत आहे?’ भावाला सांगता येईना. त्या एका प्रश्नावर आमचं अर्धं अपील उभं होतं, कारण खाली दाखल न केलेला कागद अपिलात सहजासहजी घेत नाहीत. त्याला वेगळा अर्ज लागतो, आणि तो मंजूर व्हायच्या अटी कडक आहेत. नकाशा दाखल झालेला होता, एक्झिबिट नंबरसकट, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टानं घातलेल्या नंबरासकट. निकालात मात्र त्याचा उल्लेखच नव्हता. वकीलसाहेबांनी पेन्सिलीनं समासात एक फुली मारली आणि तेव्हा पहिल्यांदा फी सांगितली.

तुम्ही भेटायला जाल तेव्हा हेच बघा. निकाल न उघडता ‘होऊन जाईल, वकीलपत्रावर सही करा’ म्हणणाऱ्याकडून उठून या. ‘निकाल आणि साक्षी ठेवून जा, दोन दिवसांनी या’ म्हणणाऱ्याकडे दोन दिवसांनी जा. तुम्हाला इंग्रजी कळत नाही हे त्याला आधीच सांगा आणि विचारा, न्यायाधीशांनी आईच्या विरुद्ध नेमकं कशावरून ठरवलं? वाटेची वहिवाट किती वर्षांची हे साक्षीत नीट आलं नाही म्हणून? सर्वे प्लॅनवर वाट दिसत नाही म्हणून? दुसरी वाट उपलब्ध आहे म्हणून? याचं उत्तर तुमच्या भाषेत, तुमच्या आईला कळेल असं ज्याला देता येईल, त्याला प्रकरण समजलंय. ज्याला देता येत नाही तो कोर्टातही चाचपडणार.

आणि दुबळ्या बाजूही विचारा. ‘आमचं काय कमी पडलं?’ या प्रश्नावर प्रामाणिक वकील खुर्चीत पुढं सरकून बोलायला लागतो. कदाचित एखादा तुम्हाला सांगेल की अपिलात फारसा दम नाही. त्यानं कारण दिलं असेल तर रागावू नका. निकाल वाचून आणखी कुणी तसंच सांगितलं, तर शांतपणे विचार करा. न वाचता ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्याचं मात्र मनावर घेऊ नका.

नावं कुठून मिळवायची? तुम्हाला विचित्र वाटेल, पण सुरुवात वकीलबाबांपासूनच करा. ‘अपिलात कोण चांगलं?’ हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ९ वर्षं ते त्याच आवारात वावरताहेत. त्यांनी सांगितलेलं नाव घ्यायलाच हवं असं नाही. दुसरं, ई-कोर्ट्सचं ॲप घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून मोबाइलवर घेऊन ठेवा. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असतो, तो टाकला की तारखा, हुकूम सगळं दिसतं. वकिलाच्या नावानंही तिथं शोधता येतं. ज्याचं नाव मनात आहे त्याची जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलं किती आहेत, की सगळी चेक बाउन्सचीच प्रकरणं आहेत, हे पाच मिनिटांत कळतं. चेकची प्रकरणं करणारा वकील कमी दर्जाचा असं नाही, पण जमिनीचं, वाटेचं अपील ही वेगळी विद्या आहे.

तिसरं, आणि हे फार कमी लोक करतात: एक सकाळ जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोर्ट खुलं असतं, दिवाणी अपिलाची सुनावणी कुणालाही ऐकता येते. इंग्रजी कळलं नाही तरी बरंच कळतं. न्यायाधीशांनी पान नंबर विचारला की कोण लगेच उघडून दाखवतो आणि कोण ज्युनियरकडे बघत राहतो. कोण वेळेवर आहे आणि कुणाच्या वतीनं ‘साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ म्हणून पुढची तारीख मागितली जाते. दोन तासांत तुम्हाला जे दिसेल ते दहा जणांच्या सल्ल्यात मिळणार नाही.

कोर्टातल्या कर्मचाऱ्याला मात्र वकिलाचं नाव विचारू नका. मी स्वतः त्यांतली एक होते म्हणून सांगते. नियम पाळणारा कर्मचारी नाव सांगणार नाही, आणि जो आपणहून सांगतो त्याच्यापासून जपून राहा. घरी येऊन गेलेल्या त्या ओळखवाल्या गृहस्थांना तर पुन्हा उंबऱ्याच्या आत घेऊ नका. अशा दलालांची यादी करून त्यांना कोर्टाच्या आवारात मज्जाव करण्याची तरतूद कायद्यातच आहे. ओळखीनं निकाल फिरवतो म्हणून जो पैसे घेतो, तो निकाल आपल्यासारखा लागला तर श्रेय घेतो आणि विरुद्ध गेला तर नाहीसा होतो. त्याची पावती नसते, त्यामुळे तक्रार करणंही अवघड जातं. हीच गोष्ट ‘जिंकून देतो, मग जमिनीतला वाटा द्या’ म्हणणाऱ्या वकिलाची. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत हिस्सा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. जो पहिल्याच भेटीत नियम मोडतो, त्याच्या हाती आईचं घर देऊ नका.

मुंबईहून वकील आणण्याबद्दल. ताई, हा पैसा वाचवा. जिल्हा न्यायालयातलं अपील एका दिवसात होत नाही. तारखा पडतात, कधी समोरचा गैरहजर, कधी रेकॉर्ड आलेलं नसतं. प्रत्येक फेरीचं विमानभाडं आणि मुक्काम तुम्ही मोजणार, आणि मधल्या तारखांना उभा राहणार स्थानिक ज्युनियरच. शिवाय गोव्याच्या जमिनीचे कागद वेगळे. एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सात-बारा), जुना पोर्तुगीज दस्तऐवज, भाटकार-मुंडकाराचे (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर असलेल्याचे) संबंध, हे ज्याच्या रोजच्या हातातलं आहे असा माणूस म्हापशात, पणजीत, डिचोलीतही मिळतो. आणि ‘सीनियर’ म्हणजे न्यायालयानं तसा दर्जा दिलेले वकील ठेवायचे ठरलंच, तर हे लक्षात ठेवा की ते स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत. त्यांच्यासोबत दुसरा वकील लागतोच. म्हणजे दोन फिया.

लोक एक चूक वारंवार करतात. जिल्हा कोर्टात कसाबसा वकील देतात आणि पैसा उच्च न्यायालयासाठी राखून ठेवतात. ‘तिथं पर्वरीला बघून घेऊ’ म्हणतात. तिथं बघण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पहिल्या अपिलात जिल्हा न्यायाधीश सगळा पुरावा नव्यानं तपासू शकतात: साक्षी, नकाशा, कोर्टानं जागेच्या पाहणीला पाठवलेल्या कमिशनरचा अहवाल. त्यानंतरचं दुसरं अपील उच्च न्यायालयात जातं खरं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच. वाट किती जुनी, कोण तिथून चालत होतं, साक्षीदार खरं बोलला की नाही, असल्या वस्तुस्थितीच्या गोष्टी तिथं सहसा उघडत नाहीत. तुमच्या आईचं म्हणणं सगळं वस्तुस्थितीचंच आहे. ते नीट ऐकून घेणारी शेवटची जागा म्हणजे हे जिल्हा न्यायालय. असेल नसेल तो पैसा, वेळ आणि चांगला वकील इथंच लावा.

आता वकीलबाबा. मला कळतं, वाड्यावरची नाती आहेत, देवळात, लग्नाकार्यात रोज तोंडासमोर येणार. पण त्यांना कुणाकडून तरी कळण्याआधी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा, आईलाही घेऊन. सरळ बोला: ‘बाब, तुम्ही ९ वर्षं केलंत, ते आम्ही विसरणार नाही. अपिलाला नवी नजर हवी असं आम्हाला वाटतं. फाइल द्या, आणि नवीन वकिलांना तुमच्याशी बोलू द्या.’ जुन्या वकिलाला स्वतःच्या कामातली फट दिसत नाही, आणि दिसली तरी स्वतःच्याच हातानं ती अपिलाच्या कागदात लिहिणं जड जातं. बहुतेक वकिलांना हे ठाऊक असतं. काही तर सुटल्यासारखा श्वास टाकतात.

फी राहिली असेल तर द्या आणि पावती घ्या. पण उरलेल्या फीसाठी फाइल अडकवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. फीसाठी वकिलाला वेगळा मार्ग आहे, पक्षकाराचे कागद ओलीस ठेवणं हा तो मार्ग नव्हे. वकीलबाबांवर हे हत्यार म्हणून उगारू नका, तशी वेळ येणार नाही असं मला वाटतं. नवा वकील बहुधा त्यांची ना-हरकत मागेल, ती वकिलांमधली रीत आहे, तीही गोडीनं घ्या. फाइल मिळायला चार दिवस लागले तरी अडू नका, साक्षींच्या आणि एक्झिबिट्सच्या नकला कोर्टातून थेट काढता येतात.

खर्चाचा आकडा मी सांगणार नाही. प्रकरणाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे तो इतका बदलतो की माझा आकडा तुमची दिशाभूलच करील. पण फी कशी ठरवायची ते सांगते. कोर्ट फी वेगळी, वकिलाची वेगळी, टायपिंग-झेरॉक्स वेगळं, हे आधी सुटं करून घ्या. वकिलाची फी टप्प्यांत ठरवा: अपील लिहून दाखल करायची किती, मनाई अर्जावर बाजू मांडायची किती, शेवटच्या सुनावणीची किती. हे एका कागदावर लिहून घ्या, साधा कागद चालेल. प्रत्येक वेळी पैसे बँकेतून द्या किंवा पावती मागा. आणि एक प्रश्न विसरू नका: सुनावणीला तुम्ही स्वतः उभे राहणार, की तुमचे ज्युनियर? ज्युनियर हुशार असू शकतो, पण ते आधी ठरलेलं असावं. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांचा सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, पाहून घ्या. आपल्याकडच्या वकिलांची नोंद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे असते, आणि गैरवर्तनाची तक्रारही तिथंच होते. वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये दिला आहे. त्यामुळे सुरुवातीची ही निवड आणखीच जपून करायला हवी.

आणि आता जे मी तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. दावा आईच्या नावावर आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार बाईमाणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यातून भागतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं, १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येतं. ‘फुकटचा वकील काय लढणार’ असं म्हणणारे तुम्हाला भेटतील. मी त्या यादीवरचे कष्टाळू, फायलीत डोकं घालून बसणारे वकील पाहिलेत आणि कंटाळलेलेही पाहिलेत, जसे पैसे घेणाऱ्यांतही दोन्ही असतात. मिळालेल्या वकिलाची हीच परीक्षा घ्या: तो निकाल वाचतो का? नाही जमलं तर बदलून मागा, तसा अर्ज करता येतो. मुदत जवळ आली आणि मनासारखा वकील मिळालाच नाही, तर विधी सेवेच्या वकिलाकडून वेळेत अपील दाखल करून घ्या. पुढं वकील बदलता येतो, गेलेली मुदत मागं आणता येत नाही.

आईंना वाटतं सगळं संपलं. त्यांना एकदा नव्या वकिलाकडे स्वतः घेऊन जा. आणि वकील तयार असतील तर त्यांना एकदा वाटेवर आणा. कोर्टात ‘वाट’ हा शब्द कागदावर असतो. आईंना ठाऊक असतं की पावसात कुठं पाणी साचतं, कुठल्या फणसाखाली लाकडाची मोळी टेकवायची, लग्नाची वरात आणि वडिलांची शेवटची यात्रा कुठल्या बाजूनं आली. यातलं जे साक्षीत आधीच आलेलं आहे आणि निकालात निसटलंय, ते वकिलाच्या नजरेला तिथं उभं राहिल्यावर चटकन दिसेल. शेजाऱ्याशी समेटाची थोडी जरी आशा असली तर तेही वकिलाला सांगून ठेवा, अपील मध्यस्थीकडे पाठवता येतं आणि दोन फुटांवर मिटलेली भांडणं मी पाहिलीत.

नक्कल तयार झाली का हे २९ ची वाट न पाहता रोज विचारा. आणि अपील दाखल झालं की त्याचा नंबर मला कळवा. मीही ॲपवर बघत राहीन.

तुमची,
माई